दहापैकी दीड

जगदाळे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते शाळेच्या फाटकात एका पालकाच्या मोटारसायकलची किल्ली काढून घेऊन उभे होते. पालक चांगला मिशाळ, गावात वजन असलेला बाप्या, आणि तो या सडपातळ माणसापुढं हात जोडत होता. "सर, हितंच तर जायचंय, वस्तीवर." सर म्हणाले, "मग डोकं वस्तीवर गेल्यावर बसवायचं व्हय? आधी हेल्मेट आना." शेवटी कुणाचं तरी हेल्मेट मागून आणलं. ते त्या गृहस्थांच्या डोक्यात बसेना, तरी सरांनी वरून दाबून बसवलं आणि मगच किल्ली दिली. मी त्या दिवशी नोकरीवर हजर व्हायला आले होते, वरवंडहून स्कूटीवर, उघड्या डोक्यानं. सरांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि मी, विज्ञानाची पदवी घेतलेली बाई, गुपचूप ओढणी डोक्यावरून घेतली. आजही ते आठवलं की मला माझाच राग येतो.

आमची शाळा शिरूर तालुक्यात, भीमेकाठच्या एका गावात आहे. गावाचं नाव सांगत नाही. पुढं जे सांगणार आहे त्यात गाव काही फार शहाण्यासारखं वागलेलं नाही, आणि मला अजून तिथं नोकरी करायची आहे. मी वरवंडची, सर दौंडचे. दोघंही नदीपलीकडचे, म्हणून गावाच्या लेखी पाहुणे. सरांनी तिथं तीस वर्षं घालवली, तरी पाहुणेच राहिले. हे आधीच सांगून ठेवते, कारण वेळ आल्यावर ते गावाला बरोबर आठवलं.

सर खेळ शिकवत. खेळ म्हटल्यावर तुम्हाला कबड्डी नाहीतर खो-खो वाटेल. सर मुलींना बेसबॉल शिकवत. हसू नका. मीही हसले होते, आणि सरांनी शांतपणे समजावून सांगितलं होतं. कबड्डीत अख्खा महाराष्ट्र उतरतो, तिथं आमच्या पोरी कधी वर येणार? बेसबॉल खेळणाऱ्या शाळा मोजक्या. चार सामने जिंकले की विभागापर्यंत जाता येतं, प्रमाणपत्र मिळतं आणि ते भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेला चालतं. उसाच्या फडापलीकडं पाय न टाकलेल्या घरांतल्या दोन-तीन मुली त्या प्रमाणपत्रावर पोलिसात गेल्या. पण हा हिशेब सर आम्हाला आणि संस्थेला सांगायचे. खरं कारण निराळं होतं. सरांना तो खेळ मनापासून आवडायचा, एवढंच.

दौंडच्या रेल्वे कॉलनीत ते वाढले. वडील लोको शेडमध्ये खलाशी. तिथं एक म्हातारे अँग्लो-इंडियन गार्डसाहेब होते. मोठ्या लढाईच्या काळात अमेरिकन शिपायांच्या गाड्या दौंडवरून जात, त्यातल्या कुणाशी तरी त्यांची दोस्ती झाली होती आणि त्या शिपायानं त्यांना हा खेळ, एक चामड्याचा हातमोजा आणि एक चित्राचं कार्ड देऊन टाकलं होतं. गार्डसाहेबांनी ते तिन्ही पुढं जगदाळे नावाच्या एका उनाड पोराला दिलं. मोजा केव्हाच फाटला. कार्ड राहिलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, जाड पुठ्ठ्याचं, त्यावर पिवळ्या पार्श्वभूमीवर बॅट खांद्यावर टाकून उभा असलेला एक गोरा खेळाडू. तिकडं पूर्वी च्युइंगमच्या पुडीत अशी कार्डं येत म्हणे. आमच्या मुली पहिल्यांदा विभागात जिंकून आल्या तेव्हा सरांनी ते कार्ड आणून शाळेच्या खेळाच्या कपाटात ठेवलं. "हे आजपासून शाळेचं," म्हणाले. कुणी विशेष लक्ष दिलं नाही. मीसुद्धा नाही.

सर कधी बसत नसत. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची होती, तिच्यावर आम्ही पेपरांचे गठ्ठे ठेवायचो. डबा उभ्यानं, चहा उभ्यानं, मीटिंगसुद्धा दाराला टेकून. खिशात भाजलेले शेंगदाणे. काही मनाविरुद्ध झालं की डाव्या कानाची पाळी ओढायची सवय, इतकी की ती पाळी उजव्यापेक्षा लांब झालीय असं आम्ही म्हणायचो. मुलींना ते 'साहेब' म्हणत. मैदानावरून दिवसभर ऐकू यायचं, "ओ साहेब, डोळं! डोळं बॉलवर! बॉल काय मामाच्या घरी चाललाय का?" मी आत प्रकाशाचं अपवर्तन शिकवत असायचे आणि वर्गातले सगळे डोळे खिडकीकडं. भांडणं झाली आमची त्यावरून. सर प्रत्येक वेळी माफी मागायचे आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच जोरात ओरडायचे.

पण सरांची खरी ओळख म्हणजे त्यांचा एक नियम. ज्याच्या हातून कॅच सुटला, त्यानं स्वतः हात वर करायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "माझा." दुसऱ्या कुणी त्याच्याकडं बोट दाखवायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. हात वर झाला की सर म्हणत, "बरं. पुढचा बॉल." विषय तिथंच संपला. ना ओरडा, ना शिक्षा. पण एखादीनं हात वर केला नाही तर सर खेळ थांबवून उभे राहत. अख्खा संघ उन्हात गप्प उभा. कुणी बोलायचं नाही, सरांनीही नाही. कधी मिनिटभर, कधी तास संपेपर्यंत. मी ते खिडकीतून बघायचे आणि माझाच जीव वर-खाली व्हायचा. शेवटी कुठला तरी हात वर जायचा आणि सगळ्यांचा श्वास सुटायचा.

हा नियम गावाला कळला तो एका म्हशीमुळं. ही गोष्ट मी यायच्या आधीची, पण मला ती गावातल्या प्रत्येकानं निदान दोनदा सांगितली आहे. तेव्हा शाळेला मैदान नव्हतं. सर रस्त्याकडंच्या पडीक तुकड्यावर मुलींना खेळवत. एका पोरीनं असा फटका मारला की बॉल थेट आबांच्या दुभत्या म्हशीच्या पायावर. आबा म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. पांढरी टोपी, धोतर, आवाज असा की ग्रामसभेत त्यांना माईक लागत नाही. ते काठी घेऊनच आले. "कुनी मारला? कुनाची कार्टी हाय ती?" सगळ्या मुली जमिनीकडं बघत उभ्या. सर कानाची पाळी ओढत उभे, तेही बोलेनात. आबांचा पारा चढत चाललेला. तेवढ्यात एक हात वर झाला. पाचवी-सहावीतली, वेण्यांना लाल रिबिनी. "माझा," ती म्हणाली. सर म्हणाले, "बरं. पुढचा बॉल." आणि खरंच खेळ पुढं सुरू केला. आबा काठी धरून तसेच उभे राहिले. म्हशीसाठी भांडायला आलेला माणूस सगळा खेळ संपेपर्यंत बघत बसला आणि जाताना म्हणाला, "सर, हितं खड्ड्यात कशाला पोरी पाडताय? माझ्या हिरीवरच्या मोटारीमागचा तुकडा घ्या." तेच आमचं मैदान. तेव्हापासून आबा रोज संध्याकाळी मोटारीच्या खोलीच्या पायरीवर बसून खेळ बघत. नियम काडीचा कळत नव्हता, पण कॅच सुटला की ते मान पुढं काढून कुणाचा हात वर होतो याची वाट बघत.

हा नियम सर स्वतःलाही लावत, आणि ते मी डोळ्यांनी बघितलं. जिल्ह्याचा अंतिम सामना आम्ही जिंकला होता. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या आणि मी सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करत होते. एवढ्यात सर चालत पंचांच्या टेबलापाशी गेले आणि त्यांनी हात वर केला. एकदा बाहेर काढलेली खेळाडू पुन्हा आत घ्यायची नसते, आणि सरांनी गडबडीत ती घेतली होती. पंचांच्या लक्षात आलं नव्हतं, समोरच्या संघाच्याही नाही. सामना गेला. परत येताना टेम्पोत आमची पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, अश्विनी रडून रडून सुजली होती. शिक्रापूर ओलांडल्यावर ती म्हणाली, "सर, कुनाला कळलं बी नव्हतं." सर म्हणाले, "मला कळलं व्हतं ना." मला त्या क्षणी सरांना टेम्पोतून खाली ढकलावंसं वाटलं. खरं सांगते.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. शेतकऱ्याची विळी-कोयती, सुताराची करवत, तशी शाळेत सरांच्या कपाटाची. बॅटी, मोजे, बॉल, शिट्टी, सगळं टेबलावर मांडायचं, झेंडूची फुलं वाहायची, हळद-कुंकू लावायचं. पूजेचा मान आबांचा. आबांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तरुणपणी कडबाकुट्टीत गेलेलं आहे, त्यामुळं ते कुंकू अंगठ्यानं लावतात. तेही पाण्यात कालवलेलं, भरपूर. लग्नात, सत्कारात, बारशात, आबांनी टिळा लावला की निम्मं कपाळ लाल. फोटोंत लोक ओळखतात, हे आबांचं कुंकू म्हणून.

त्या वर्षी सुट्टीमुळं पूजेला आबा, सर आणि मी असे तिघंच होतो आणि ताट माझ्या हातात होतं. आबा एकेका वस्तूला कुंकू लावत कार्डापाशी आले. सरांनी ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवलेलं होतं. आबा थांबले. "ह्ये पिशवीत का कोंबलंय?"

"जुनं हाय, आबा. खराब व्हतं."

"आरं, पन प्लॅस्टिकला कुंकू लावू व्हय? देव काय पिशवीत बसतो का? काढा बाहेर."

सरांचा हात कानाकडं गेला. मग त्यांनी कार्ड बाहेर काढलं आणि आबांनी त्या गोऱ्या खेळाडूच्या टोपीशेजारी, वरच्या कोपऱ्यात, अंगठा टेकवला. चांगला दाबून. लाल पाणी पुठ्ठ्यात झिरपताना मी बघितलं. पूजा उरकल्यावर सरांनी कापसानं ते टिपायचा प्रयत्न केला, तेव्हा डाग थोडा पसरला. "जाऊ द्या," ते म्हणाले, "देवाचं हाय." पुढच्या वर्षापासून कार्ड पूजेत आलं नाही. आबांनीही विचारलं नाही. त्यांनी आयुष्यात हजार वस्तूंना कुंकू लावलंय, त्यातलं कुठलं लक्षात राहणार?

सरांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं असताना अश्विनीनं शाळेच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. ती आता कोरेगाव भीमाजवळच्या एका कंपनीत काम करते. व्हिडिओत अमेरिकेतला एक लिलाव होता आणि पडद्यावर तोच पिवळा रंग, तीच बॅट, तोच माणूस. आमचं कार्ड! कुणीतरी रुपयांत हिशेब करून खाली लिहिलं, तीन कोटी.

त्या दिवसापासून गावाची झोप उडाली म्हणा ना. कपाटाला नवं कुलूप आलं. एक किल्ली सरांकडं, एक संस्थेच्या सेक्रेटरींकडं. लोक कार्ड बघायला येऊ लागले, पण धुरकट झालेल्या पाकिटातून पिवळा रंग तेवढा दिसायचा. कुणी म्हणे शाळेची दुमजली इमारत होणार, कुणी म्हणे मंगल कार्यालय. सरांनी संस्थेच्या बैठकीत दारात उभ्यानंच सांगितलं, "कार्ड शाळेचं हाय. इकायचं का ठेवायचं, आबा ठरवतील." आबांनी विकायचं ठरवलं. पुण्यात जुनी नाणी आणि तिकिटं विकणारा एक दलाल होता. संस्थेच्या सांगण्यावरून सर कार्ड घेऊन त्याच्याकडं गेले, एकटे, कारण बरोबर जायला निघालेल्या सेक्रेटरींनी हेल्मेट घालायला नकार दिला आणि सरांनी त्यांना मोटारसायकलवर घेतलं नाही. या एका गोष्टीनं पुढं फार त्रास दिला.

दलालानं कार्ड आधी अमेरिकेला तपासणीला पाठवलं. तिकडं अशा जुन्या कार्डांना शाळेसारखे गुण देतात. कोपरे, कडा, रंग, डाग बघतात, एक ते दहातला आकडा ठरवतात आणि कार्ड कडक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून टाकतात. व्हिडिओतल्या कार्डाला नऊ गुण होते. चित्र तेच असलं तरी नऊ गुणांचं कार्ड आणि काठावरचं कार्ड यांच्या भावात बंगला आणि कोंबड्यांचं खुराडं इतका फरक पडतो. आमच्या कार्डाचा निकाल आला, दहापैकी दीड.

"माझ्या गणितासारखंच," सर म्हणाले आणि हसले. दुसरं कुणी हसलं नाही.

आधी कुजबुज सुरू झाली. मग ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'आपलं कार्ड एवढं खराब नव्हतं.' मग कुणीतरी लिहिलं, 'पुण्याला एकटंच का गेलं?' मग नावाशिवाय एक शब्द फिरू लागला, अदलाबदल. चांगलं कार्ड सरांनी पुण्यात विकलं आणि फाटकंतुटकं अमेरिकेला पाठवलं. रस्त्यावरून जाणारी पोरं मैदानाकडं बघून ओरडायची, "सर, किती कोटी?" दौंडला सरांच्या बायकोला भाजीबाजारात कुणीतरी विचारलं, आता बंगला कुठं बांधताय. दोन मुलींचं मैदानावर येणं घरच्यांनी बंद केलं. सेक्रेटरींनी स्टाफरूममध्ये येऊन मोठ्यानं सांगितलं की कार्डाचा उलगडा झाल्याशिवाय जगदाळ्यांचा निरोप समारंभ होणार नाही आणि संस्थेकडून पेन्शनच्या कागदावर सहीही होणार नाही. "शेवटी बाहेरचा मानूस," ते म्हणाले. सर तिथंच दाराला टेकून उभे होते. तीस वर्षं ज्या माणसानं एका शेंगदाण्याचाही लबाडीनं घास घेतला नाही, त्याच्यावर चोर म्हणून घरी जायची वेळ आली होती. आणि त्या डागाचं मूळ शाळेत फक्त दोघांना माहीत होतं, त्यांना आणि मला.

मी मैदानावर गेले. सर बॅटी पुसत होते.

"सर, मी आबांना सांगते. ताट माझ्या हातात होतं. तो डाग त्यांनीच लावलाय."

"तुम्ही बोलायचं न्हाई, मॅडम."

"का? तुमची अब्रू चाललीय!"

"तीस वर्सं पोरींना काय शिकवलं मी? दुसऱ्यानं बोट दाखवायचं न्हाई. आन् आता माझ्यावर आली की दाखवायचं?"

"अहो, हा खेळ नाही!"

सरांनी बॅट खाली ठेवली. "आबांनी काय वाईट केलं? देवाचं म्हनून लावलं. आता चारचौघांत त्यांना सांगायचं का, तुमच्यामुळं शाळेचं कोटीचं नुकसान झालं? त्या मानसानं जिमीन दिली, मॅडम. आठवलं तर तेच हात वर करतील."

"आणि नाही आठवलं तर?"

"तर सुटला कॅच," सर म्हणाले आणि कानाची पाळी ओढत राहिले. मला त्यांचा इतका संताप आला की मी पाय आपटत परत आले. घरी जाऊन मात्र जेवण गेलं नाही. मी तोंड बंद ठेवलं, पण ते पटून नाही. सरांनी बजावलं होतं म्हणून.

लिलाव ठरला. अमेरिकेत संध्याकाळ, आमच्याकडं सकाळ. आबांचा हुकूम होता की सगळ्यांसमोर होऊ द्या, झाकून काही नको. शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर मोठा डिजिटल बोर्ड आहे, तो चालवायचं काम विज्ञानाच्या बाईचं, म्हणजे माझं. प्रार्थनेच्या आधीच हॉल भरला. पुढं सतरंजीवर गावकरी, खुर्चीत आबा आणि सेक्रेटरी, मागं खेळाच्या पोशाखातल्या मुली. सर सगळ्यात मागं, दाराला टेकून.

बोर्डावर डबीतलं कार्ड, खाली आकडा आणि उलटं चाललेलं घड्याळ. आकडा वाढला की हॉलमधून आवाज उठायचा. आबांना ते रुचेना. "बोली कोन लावतंय? नाव काय त्याचं?"

"नाव दिसत नाही, आबा. नुसती अक्षरं दिसतात," मी सांगितलं.

"नाव न्हाई? मग खरी बोली कशी म्हनायची? आपल्याकडं देवाच्या नारळाची बोली बी बापाच्या नावासकट पुकारत्यात."

लोक हसले, पण ते तेवढ्यापुरतंच. आकडा थोडा वाढला, थांबला, पुन्हा थोडा वाढला. मग घड्याळ संपत आलं तरी हलेना. लोक पुढं सरकून बघत होते. मी सरांकडं पाहिलं. ते बोर्डाकडं बघतच नव्हते, मुलींकडं बघत होते. घड्याळ शून्यावर आलं. रुपयांत करून मी आकडा वाचला. बरी चालती जुनी मोटारसायकल येईल एवढा.

हॉल एकदम फुटला. "तीन कोटीचं हे झालं?" "हे आपलं कार्डच न्हाई!" सेक्रेटरी उभे राहिले. "मी पैल्यापासून सांगत व्हतो. आबा, आता तरी इचारा."

आबांनी हात वर करून सगळ्यांना बसवलं. ते सावकाश मागं वळले. "सर, मी तुमाला चोर म्हनत न्हाई. पन इचारल्याबिगर सोडनार बी न्हाई. आपलं कार्ड कुठं हाय?"

"ह्येच आपलं कार्ड हाय, आबा."

"मग दीड मार्क का पडलं?"

सरांचा हात कानाकडं गेला. एक वाक्य बोललं असतं तर सगळं मिटलं असतं, आणि समोर तो माणूस ओठ मिटून उभा. मला ओरडावंसं वाटत होतं. मी माऊसवरचा हात घट्ट आवळून धरला.

"तो लाल डाग कसला?" आबांनी बोर्डाकडं डोळे बारीक करून विचारलं. "मॅडम, त्ये मोठं करा."

मी मोठं केलं. खेळाडूची टोपी बोर्डाबाहेर गेली आणि कोपऱ्यातला डाग हातभर झाला. लांबट, वर रुंद, खाली निमुळता, एका बाजूला फिकट पसरलेला. त्याच्या आत अंगठ्याच्या रेषा होत्या.

मागच्या मुलींपैकी एकीनं श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. पुढच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. अर्ध्या हॉलच्या घरात आबांच्या टिळ्याचे फोटो भिंतीवर होते. पण कुणी बोललं नाही. गावकरी घाबरून बोलले नसतील. मुली मात्र जमिनीकडं बघत होत्या, शिकवल्यासारख्या.

आबा खुर्चीतून उठले. काठी न घेताच चालत बोर्डापाशी आले. बराच वेळ त्यांनी तो डाग बघितला. मग स्वतःचा उजवा हात डोळ्यांजवळ नेऊन अंगठा बघितला. त्यांनी मला हळू विचारलं, "खंडेनवमीला का वो?" मी सरांकडं पाहिलं. सरांनी मान नकारार्थी हलवली. आबांनी आमचं ते बघणं बघितलं.

"पिशवीतनं मीच काढाया लावलं व्हतं," ते स्वतःशीच म्हणाले.

सेक्रेटरी लगबगीनं पुढं आले. "आबा, तुमी बसा. तुमचा काय संबंध—"

"गप ऱ्हा."

आबा लोकांकडं वळले. ऐंशीच्या घरातला तो माणूस, ज्याच्यापुढं गावानं कधी आवाज चढवला नाही. त्यांनी दोन बोटं नसलेला उजवा हात वर केला, पूर्ण वर, कोपर सरळ करून, जसा मैदानावर मुली करतात. आणि माईक न लागणाऱ्या त्या आवाजात म्हणाले, "माझा."

आबांचा हात वरच होता आणि ते दाराकडं बघत होते. सरांनी कानाची पाळी सोडली.

"बरं," सर म्हणाले. "पुढचा बॉल."

आणि शिट्टी वाजवून ते मुलींना घेऊन मैदानावर गेले, कारण सरावाची वेळ झाली होती. मी बोर्ड बंद करायचं विसरले. माऊस धरून तशीच रडत बसले, आणि सेक्रेटरींनी मला पाणी आणून दिलं.

आलेल्या पैशांतून मैदानाला बॉल अडवायची जाळी आली. महिनाअखेरीला सरांचा निरोप समारंभ झाला. हार, श्रीफळ, भाषणं, सगळं रीतसर. सर व्यासपीठावरही उभेच. सेक्रेटरींनी सगळ्यांत लांब भाषण केलं. टिळा आबांनी लावला, अंगठ्यानं, भिवईपासून केसांपर्यंत, आणि लावताना सरांचं डोकं दुसऱ्या हातानं मागून धरून ठेवलं.

त्या संध्याकाळी मी स्कूटीवर सरांच्या मागंच निघाले. भीमेच्या पुलापर्यंत आमचा रस्ता एक. सर नेहमीपेक्षा हळू चालवत होते, एखाद्या भरल्या घागरीला जपावं तसं. मी शेजारी आले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हेल्मेट आहे ना हे बघून घेतलं आणि मान हलवली. कपाळावर ते लालभडक, ओलसर कुंकू होतं. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं.